बंदरात उभ्या बोटीच्या इंजिनात पाणी शिरतं कसं, आणि ते नेमकं कुठून आलं हे ओळखायचं कसं?

जुलैचा शेवटचा आठवडा. कोकणच्या खाड्यांमध्ये दोन महिने शाकारून ठेवलेल्या मासेमारी बोटींवरची ताडपत्री उतरू लागते. महाराष्ट्रात पावसाळी मासेमारी बंदी साधारण १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस असते. बंदी उठली की पहिल्या फेरीची घाई सुरू होते. जाळी विणून तयार असतात, बर्फाची सोय झालेली असते, डिझेल भरलेलं असतं, खलाशी गावाहून आलेले असतात. तांडेल इंजिनरूममध्ये उतरतो, चावी फिरवतो आणि आवाज येतो, ‘थक्’. इंजिन जेमतेम पाव वळसा फिरतं आणि अडकतं.

अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर जातो. मग शेजारच्या बोटीची बॅटरी आणून जोडली जाते, पुन्हा चावी फिरते, आणि यावेळी इंजिन जोर लावून एकदाचं फिरतं. नुकसान होतं ते याच क्षणी. कारण बॅटरी उतरलेली नसते, तर सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असतं.

हे पाणी कुठून येतं, ते कसं ओळखायचं आणि ओळखेपर्यंत काय करायचं नाही, याची ही माहिती. मासेमारी बोट असो, प्रवासी लाँच असो की हौशी माणसाची छोटी यॉट, बोटीच्या पोटात बसवलेलं डिझेल इंजिन असेल तर मूळ गणित एकच आहे.

अर्धा कप पाणी इंजिन कसं मोडतं?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन वर येताना हवेला इतकं दाबतो की ती तापून लाल होण्याच्या बेताला येते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. त्यासाठी हवा साधारण १६ ते १८ पट आकुंचन पावावी लागते. आता एका सिलिंडरची क्षमता १ लिटर धरली आणि दाबाचं प्रमाण १७ धरलं, तर पिस्टन अगदी वर पोहोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा असते सुमारे ६० मिलिलिटर. म्हणजे कटिंग चहाच्या एका ग्लासाएवढी.

हवा दबते, पाणी दबत नाही. त्या जागेत कटिंगभर पाणी असेल तर पिस्टनला वर जायला वाटच उरत नाही. एकट्या स्टार्टरच्या जोरावर इंजिन फिरत असेल तर बहुतेक वेळा ते नुसतं अडकतं आणि वाचतं. पण पाणी एकाच सिलिंडरमध्ये असेल आणि दुसऱ्या सिलिंडरने पेट घेतला, तर पूर्ण ताकद त्या अडलेल्या पिस्टनवर येते. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी लायनरला तडा जातो. याला वर्कशॉपमध्ये हायड्रोलॉक म्हणतात.

यातली सगळ्यात घातक शक्यता म्हणजे रॉड किंचितच वाकतो. इंजिन चालू होतं, थोडा धूर जास्त काढतं, एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी भरतं, पण बोट निघते. आणि मग काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, किनाऱ्यापासून कितीतरी मैल आत, तो रॉड तुटतो. ऑगस्टचा समुद्र अजून शांत झालेला नसतो. त्या समुद्रात बंद इंजिनाची बोट लाटांना आडवी पडते.

आधी हात आवरायचा

म्हणून तपासणीची सुरुवात एका न करण्याच्या गोष्टीपासून होते. इंजिन अडखळलं, तर चावी पुन्हा फिरवायची नाही. बॅटरीची वायर काढायची, म्हणजे दुसरं कुणी येऊन उत्साहाने बटण दाबणार नाही. समुद्राचं पाणी आत घेणारा तळाचा व्हॉल्व्ह, म्हणजे सी-कॉक, बंद करायचा. स्टॉप लिव्हर ओढून डिझेल तोडायचं. मग डिपस्टिक.

डिपस्टिक खोटं कधी बोलते?

‘ऑइल दुधासारखं पांढरं झालं म्हणजे पाणी शिरलं’ हे जवळपास प्रत्येकाला माहीत असतं. ते खरंही आहे, पण चालत्या इंजिनाच्या बाबतीत. पाणी आणि ऑइल घुसळलं गेलं तरच तो पांढरट, ताकासारखा रंग येतो.

दोन महिने हललेली नसलेली बोट हा वेगळा मामला आहे. पाणी ऑइलपेक्षा जड. ते सरळ खाली चेंबरच्या तळाशी जाऊन बसतं आणि वर ऑइल स्वच्छ, काळंभोर तरंगत राहतं. डिपस्टिकला तेच लागतं. रंग बघून मेकॅनिक म्हणतो, ‘ऑइल ठीक आहे’. इथे रंगापेक्षा पातळी महत्त्वाची. उभ्या इंजिनातलं ऑइल वाढू शकत नाही. मेच्या शेवटी जिथे खूण होती, त्याच्या वर ऑइल दिसत असेल, तर खाली दुसरं काहीतरी येऊन बसलं आहे.

ते काय आहे हे कळायला ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट पूर्ण न उघडता थोडासा सैल करायचा आणि खाली काचेची बरणी धरायची. पाणी असेल तर आधी पाणीच येतं. ड्रेनपर्यंत हात पोहोचत नसेल, आणि बोटींमध्ये तो बहुधा पोहोचतच नाही, तर डिपस्टिकच्या नळीतून पातळ पाइप अगदी तळापर्यंत सोडून हातपंपाने थोडं ऑइल खेचायचं. हा पंप प्रत्येक बोटीवर असावा अशीच गोष्ट आहे.

पातळी वाढलेली आहे, पण बरणीत पाण्याचा थर नाही, ऑइल पातळ झालंय आणि त्याला डिझेलचा वास येतोय, असं असेल तर चोर वेगळा आहे. नोझल किंवा डिझेल पंपाची गळती शोधायची. पाण्याचा पाठलाग तिथेच थांबवायचा.

आणखी एक फसवा प्रकार. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून पिवळसर साय धरलेली दिसते. पावसाळ्याच्या दमट हवेत, थंड इंजिनात, बाष्प जमून अशी थोडी साय धरते. फक्त झाकणाला साय आहे, पण डिपस्टिकची पातळी जागेवर आहे आणि तळातून काढलेलं ऑइल स्वच्छ आहे, तर घाबरायचं कारण नाही. शंका राहिलीच तर जुनी युक्ती आहे. गरम तव्यावर ऑइलचा एक थेंब टाकायचा. त्यात पाणी असेल तर फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडतं. थेंब एकच टाकायचा आणि तोंड लांब ठेवायचं.

पाणी गोडं की खारं?

पाणी आहे हे नक्की झालं की पुढचा प्रश्न त्याच्या चवीचा. मात्र चव जिभेने बघायची नाही. रेडिएटरमध्ये घातला जाणारा कूलंट बहुधा इथिलीन ग्लायकॉलचा असतो. तो गोडसर लागतो आणि विषारी असतो.

पाण्याला हिरवा, निळा किंवा गुलाबी रंग असेल, तर ते इंजिनाच्या आतल्या बंद कूलंटचं पाणी. रंग नसेल तर खारेपणा तपासायचा. शाळेच्या प्रयोगशाळेत मिळणारं सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण या कामाला उत्तम. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग क्लोराइडचा. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब पडताच दह्यासारखा दाट पांढरा साका तयार होतो. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात नुसता गढूळपणा येतो. पावसाच्या पाण्यात जवळपास काहीच होत नाही. द्रावण हाताला लागलं तर काळे डाग पडतात, ते काही दिवस जात नाहीत.

पण कोकणात इथे एक मेख आहे. जुलैमध्ये नद्यांना पूर असतो आणि खाडीच्या आतल्या भागातलं पाणी कितीतरी दिवस जवळपास गोडं होतं. बोट खाडीत आतवर उभी असेल, तर ‘पाणी गोडं निघालं, म्हणजे पावसाचं असणार’ हा निष्कर्ष चुकू शकतो. ते खाडीतूनच आलेलं असू शकतं. म्हणून तुलनेसाठी बोटीच्या बाजूचंच एक बादली पाणी घेऊन त्यावरही हीच चाचणी करून बघायची.

याला जोड म्हणून कूलंटच्या टाकीची पातळी बघायची. ती खाली गेली असेल तर पाणी आतल्या बंद सर्किटमधून गेलं. ती जागेवर असेल तर पाणी बाहेरचं, म्हणजे पावसाचं किंवा समुद्राचं. आणि टाकी उलट वाढली असेल किंवा तिच्यातलं पाणी खारं लागत असेल, तर हीट एक्सचेंजरच्या आतल्या नळ्यांना भोक पडलं आहे. समुद्राचं पाणी ज्या नळ्यांतून जातं त्या कुजू नयेत म्हणून तिथे जस्ताची एक कांडी बसवलेली असते. ती आधी स्वतः झिजते आणि नळ्यांना वाचवते. वर्षानुवर्षं ती कुणी बदललेली नसेल, तर तिच्या जागी नुसता पितळी बोल्ट उरलेला सापडतो.

कोणत्या सिलिंडरमध्ये?

आता सगळे नोझल काढायचे. डिझेल बंद आहे ना हे पुन्हा बघायचं, कारण नोझलमधून दाबाने सुटणारा डिझेलचा फवारा कातडीत घुसू शकतो. मग पुढच्या पुलीच्या नटला पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेने, सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवायचं. ज्या सिलिंडरमध्ये पाणी आहे त्याच्या भोकातून ते वर येईल. प्रत्येक सिलिंडरचा क्रमांक लिहून ठेवायचा आणि शक्य असेल तर पाणी वेगवेगळ्या वाट्यांत धरायचं. हाताने एकदा मोकळं फिरल्याशिवाय स्टार्टर लावायचा नाही. लावल्यावर तोंड त्या भोकांवर नेऊन बघायचं नाही, पाणी पिचकारीसारखं उडतं.

कोणत्या सिलिंडरमध्ये पाणी निघालं, यावरून पुष्कळ काही कळतं. एकाच सिलिंडरमध्ये कूलंट असेल तर हेड गॅस्केट, हेडला गेलेला तडा किंवा फुटलेला लायनर. शेजारशेजारच्या दोघांत असेल तर त्या दोघांमधली गॅस्केटची पट्टी गेलेली असण्याची शक्यता मोठी. पाणी बाहेरचं आहे आणि ते एकमेकांपासून लांब असलेल्या सिलिंडरमध्ये आहे, तर ते धुराच्या वाटेने आलं. कारण चार स्ट्रोकचं इंजिन कोणत्याही स्थितीत थांबलं तरी त्याचे काही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडे राहतातच. सहा सिलिंडरच्या इंजिनात साधारण दोन. पाणी मागून चढत आलं की तेवढीच दारं त्याला उघडी सापडतात.

धुराच्या वाटेने येणारं पाणी

उभ्या बोटीत सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार हाच असतो, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

अनेक लाकडी मासेमारी बोटींवर सायलेन्सरचा पाइप केबिनजवळून उभा वर जातो. त्यात समुद्राचं पाणी येण्याचा प्रश्न नसतो, पण वरून पाऊस येतो. कोकणात चार महिन्यांत अडीच-तीन मीटर पाऊस सहज पडतो. पाइपचं तोंड १० सेंटिमीटर व्यासाचं आणि आभाळाकडे उघडं असेल, तर त्यात दोन महिन्यांत कित्येक लिटर पाणी उतरू शकतं. त्यातलं फक्त कटिंगभर पुरेसं असतं. जुन्या तांडेलांची पद्धत म्हणजे तोंडावर पत्र्याचा डबा उपडा घालून तारेने आवळायचा. वाऱ्याने तो डबा जूनमध्येच उडून गेला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, हेही दरवर्षीचंच. पाइपच्या सगळ्यात खालच्या वळणावर एक छोटा ड्रेन बोल्ट बसवून तो पावसाळाभर उघडा ठेवला, तर डबा उडाला तरी पाणी बाहेरच जातं. ज्या पाइपला असा बोल्ट नाही, त्याला वेल्डरकडून बसवून घेणं हे इंजिन उघडण्यापेक्षा फारच स्वस्त काम आहे.

प्रवासी लाँच आणि यॉटवर प्रकार वेगळा. तिथे इंजिन थंड करून झालेलं समुद्राचं पाणी धुरात सोडतात. धूर थंड होतो, आवाज कमी होतो आणि दोन्ही मिळून बोटीच्या मागच्या भोकातून बाहेर जातात. म्हणजे इथे समुद्राचं पाणी मुद्दामच धुराच्या पाइपात आणलेलं असतं. ते उलटं इंजिनाकडे जाऊ नये एवढीच सगळी कसरत.

ती कसरत तीन ठिकाणी फसते. पहिलं म्हणजे सायफन. टाकीतून नळीने पाणी काढताना एकदा ओढलं की ते आपोआप वाहत राहतं, तोच प्रकार. धुरात पाणी सोडण्याची जागा बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली किंवा तिच्या अगदी जवळ असेल, तर इंजिन बंद झाल्यावरही समुद्र आत येत राहतो. पंपातला रबरी इम्पेलर नवा असेपर्यंत तो वाट बऱ्यापैकी अडवतो. झिजला की थेंब थेंब सुरू. रात्रभरात सायलेन्सर भरतो, मग पाइप, मग एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. यासाठी पाण्याची नळी आधी पाण्याच्या पातळीच्या बरीच वर नेऊन उलट्या यू आकारात वळवतात आणि माथ्यावर हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह बसवतात. इंजिन बंद होताच तो हवा आत घेतो आणि सायफन तुटतो. पाणी सोडण्याची जागा पाण्याच्या पातळीपासून किमान १५ सेंटिमीटर वर नसेल, तर हा व्हॉल्व्ह हवाच असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. मात्र त्याच्या बारीक भोकात मीठ साठतं. मीठ साठलेला व्हॉल्व्ह असला काय, नसला काय. तो खोलून गोड्या पाण्यात धुणं हे पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं कारण माणसाच्या हातचं. इंजिन चालू होत नाही म्हणून कुणी मिनिटभर स्टार्टर मारत राहतो. प्रत्येक फेऱ्यात पंप समुद्राचं पाणी ओढून सायलेन्सरमध्ये टाकत असतो. एरवी धुराचा दाब ते बाहेर ढकलतो, पण इंजिन पेटलेलंच नाही तर ढकलणार कोण? सायलेन्सर भरून पाणी मागे वळतं. म्हणजे मूळ बिघाड डिझेलमधल्या हवेचा, दहा मिनिटांत निघणारा, आणि त्याच्या नादात इंजिनात पाणी. इंजिन दोन-तीन प्रयत्नांत लागलं नाही, तर सी-कॉक बंद करूनच पुढचे प्रयत्न करायचे आणि इंजिन पेटताच तो लगेच उघडायचा.

तिसरं, बोटीची बैठक. खाडीत उभी बोट ओहोटीला चिखलावर टेकते आणि एका कुशीवर कलते. भरती येताना ती सरळ होण्याआधीच कललेल्या बाजूचं धुराचं भोक पाण्याखाली जाऊ शकतं. किंवा मासे ठेवायच्या खणात पावसाचं पाणी साचून बोट इतकी जड होते की एरवी वर असणारं भोक खाली जातं. बोट पाहणारा माणूस भरतीच्या वेळी येतो, तेव्हा सगळं सरळ दिसतं. या शक्यतेचा संशय असेल तर ओहोटी सरून पाणी चढू लागतं तेव्हा जाऊन उभं राहावं लागतं, मग ती वेळ पहाटे तीनची का असेना.

ऑइलमध्ये पाणी, पण सिलिंडर कोरडे

असं असेल तर धुराची वाट सोडायची आणि चार जागा बघायच्या.

समुद्राचं पाणी ओढणारा पंप इंजिनावरच बसवलेला आणि गिअरवर चालणारा असेल, तर त्याच्या शाफ्टवर दोन सील असतात. एक पाण्याकडचं, एक ऑइलकडचं. दोघांच्या मधे पंपाच्या अंगाला खाली एक बारीक भोक ठेवलेलं असतं. पाण्याचं सील गेलं की त्या भोकातून थेंब पडतात, हाच इशारा. पण रंगाने, ग्रीसने किंवा कुणीतरी ‘गळतंय म्हणून’ लावलेल्या एमसीलने ते भोक बुजलं, तर पाण्याला इंजिनात जाण्यावाचून वाट उरत नाही. ते भोक बुजवणारा हात चांगल्या हेतूनेच बुजवतो, हे त्यातलं दुर्दैव.

दुसरी जागा ऑइल कूलर. याची चाल गमतीदार आहे. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे कूलरला भोक असेल तर ऑइल पाण्यात जातं. कूलंटच्या टाकीत काळी साय येते किंवा बोटीबाहेर पडणाऱ्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो. इंजिन बंद झालं की ऑइलचा दाब शून्य आणि पाणी मात्र तिथेच भरलेलं. मग ते उलटं ऑइलमध्ये झिरपू लागतं. मे महिन्यात ज्या बोटीमागे तवंग दिसत होता आणि ‘बघू पावसाळ्यात’ म्हणून सोडून दिला होता, तिच्या ऑइलमध्ये ऑगस्टमध्ये पाणी सापडणं यात आश्चर्य नाही. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, त्याचा कूलरही वेगळा असू शकतो. म्हणून त्याचीही डिपस्टिक बघायची.

तिसरी जागा लायनरच्या खालच्या रबरी ओ-रिंग. ज्या इंजिनात लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं, तिथे या रिंग कडक झाल्या की कूलंट सरळ चेंबरमध्ये उतरतं. ओळखण्यासाठी चेंबर उघडायचा, कूलंटच्या टाकीला हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढी हवा द्यायची आणि खालून टॉर्च मारून कुठल्या लायनरवरून ओघळ येतोय ते बघायचं. कोरडा कागद अंथरून ठेवला तर थेंब कुठे पडला ते चुकत नाही. पंधरा-वीस मिनिटांत दाब उतरला नाही आणि कागद कोरडा राहिला, तर कूलंटची बाजू निर्दोष.

चौथी जागा इंजिनाच्या बाहेरच आहे. पंख्याच्या शाफ्टला जिथून बोटीबाहेर काढलेलं असतं तिथे ग्लँडमध्ये पॅकिंगची दोरी भरलेली असते. बोट चालताना तिथून काही थेंब पडणं अपेक्षितच असतं, त्यानेच ती थंड राहते. उभ्या बोटीत गळती जवळपास थांबायला हवी. ती थांबली नाही, वरून पाऊस आला, आणि तळाचं पाणी उपसणाऱ्या पंपाची बॅटरी उतरली, की पाणी चढत चढत इंजिनाच्या अर्ध्यापर्यंत येतं. मागच्या ऑइल सीलमधून, डिपस्टिकच्या नळीतून ते आत जातं. पुढे ते उपसून टाकलं जातं आणि कुणी काही बोलत नाही. पण इंजिनाच्या अंगावर, स्टार्टरवर, फ्लायव्हीलच्या झाकणावर एका सरळ आडव्या रेषेत चिखलाची आणि मिठाची खूण राहते. शोध लागत नसेल तेव्हा टॉर्च घेऊन ही रेषा शोधायची.

तरीही वाट सापडत नसेल तर

मग दोन रात्रींची परीक्षा. सगळं पाणी काढायचं, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून इंजिन हाताने फिरवायचं. पहिल्या रात्री सी-कॉक बंद ठेवायचा, दुसऱ्या रात्री उघडा. सकाळी दोन्ही वेळा नोझलच्या भोकातून कागदाची सुरळी घालून बघायचं. पहिल्या रात्री कोरडं, दुसऱ्या रात्री ओलं, तर सायफन किंवा पंप. दोन्ही रात्री ओलं आणि कूलंट कमी होतंय, तर गॅस्केट किंवा लायनर. दोन्ही रात्री ओलं, कूलंट जागेवर, तर मागचं धुराचं भोक किंवा वरचा पाऊस. त्या रात्री पाऊस पडला होता का हे लिहून ठेवायला विसरायचं नाही.

डिझेलमधलं पाणी ही वेगळी तक्रार आहे आणि तिने इंजिन अडकत नाही, फक्त धाप लागल्यासारखं चालतं किंवा बंद पडतं. अर्धी रिकामी टाकी दमट हवेत उभी राहिली की आत बाष्प जमतं. फिल्टरखालच्या भांड्यातून थोडं डिझेल काचेच्या बरणीत काढलं की पाणी तळाशी वेगळं दिसतं. टाकी भरून ठेवणं हा त्यावरचा साधा उपाय.

पाणी काढल्यावर

खारं पाणी असेल तर घड्याळाकडे बघून काम करावं लागतं. लोखंड खाऱ्या पाण्याने भिजून मग हवेला उघडं पडलं की गंज तासांच्या हिशेबाने धरतो. बोटच बुडाली असेल तर इंजिन बाहेर काढून चार दिवस मेकॅनिकची वाट बघण्यापेक्षा, मेकॅनिक हाताशी येईपर्यंत ते पाण्याखाली राहिलेलं परवडतं. ऐकायला विचित्र, पण पाण्याखाली प्राणवायू कमी मिळतो.

सिलिंडर मोकळे झाले की त्यात डिझेल किंवा पातळ ऑइल फवारायचं. ऑइल आणि फिल्टर बदलायचे, इंजिन थोडा वेळ चालवायचं, पुन्हा बदलायचे. एकदा बदलून मीठ जात नाही. ऑइल पांढरट दिसायचं थांबेपर्यंत, म्हणजे बहुधा दोन-तीनदा, हे करावं लागतं. यासाठी महागडं ऑइल लागत नाही.

त्याआधी रॉड वाकला नाही ना, याची खात्री हवी. ज्या सिलिंडरमध्ये पाणी होतं त्याचं कॉम्प्रेशन बाकीच्यांशी ताडून बघायचं. ते कमी भरलं तर हेड उघडून प्रत्येक पिस्टन वर आणायचा आणि तो ब्लॉकच्या कडेपासून किती वर-खाली राहतो ते मोजायचं. एखादा पिस्टन इतरांपेक्षा खाली राहत असेल तर रॉड आखूड झालाय, म्हणजे वाकलाय. स्टार्टर अडकल्यावर जबरदस्ती झाली होती की नाही, हे खलाशांना रागावून विचारलं तर कुणी सांगत नाही. शांतपणे विचारलं तर सांगतात.

मग जेट्टीला दोर बांधलेलेच ठेवून इंजिन तासभर चालवायचं, गिअर टाकून थोडा भार देऊन. बाहेर पडणारं पाणी, धुराचा रंग, कूलंटची टाकी, ऑइलचा दाब बघत राहायचं. बंद करून रात्रभर तसंच सोडायचं, कारण घुसळलेलं पाणी खाली बसायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, स्टार्टरला हात लावण्याआधी, पुन्हा डिपस्टिक काढायची आणि तळातलं कपभर ऑइल बरणीत घेऊन उजेडात धरायचं.